वर्कशॉपला लागून घर : मधल्या भिंतीचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकाच प्रकारच्या बांधकामाविषयी वारंवार विचारणा झाली आहे. स्वतःच्या जागेवर लोखंडी शेडचे वर्कशॉप उभारायचे आणि त्याला लागूनच कुटुंबाच्या राहण्याची सोय करायची, असा या वाचकांचा बेत आहे. त्यांत ग्रिल-शटर बनवणारे आहेत, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणारे आहेत, लेथकाम करणारेही आहेत. घर आणि काम एकत्र ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या भांडी घडवण्याच्या जागेलगतच राहत आली, तर इचलकरंजी आणि मालेगावात मागांच्या खोलीला लागूनच स्वयंपाकघर असलेली घरे आजही दिसतात. मात्र आजच्या वर्कशॉपमध्ये विजेचा आर्क आहे, दाबाखाली भरलेले गॅसचे सिलिंडर आहेत आणि डोक्यावर अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा आहे. म्हणून जुन्या रीतीचा आधार घेताना नव्या धोक्यांचा विचार नव्याने करावा लागतो. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : माझी गावाबाहेर रस्त्यालगत १० गुंठे जागा आहे. तेथे ४० फूट बाय ६० फूट मापाची लोखंडी शेड उभारून तिच्याच मागच्या २० फुटांत दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर झोपण्यासाठी पोटमाळा काढावा, असा विचार आहे. फॅब्रिकेटर म्हणतो की मध्ये पफ पॅनेलची भिंत घातली की काम लवकर होईल, आवाज येणार नाही आणि खर्चही वाचेल. घरच्या मंडळींना मात्र धास्ती वाटते. काय करावे?
— एक वाचक, वाळवा तालुका (जि. सांगली)

उत्तर : घरच्या मंडळींची धास्ती रास्त आहे. आपल्या फॅब्रिकेटरचा खर्चाचा हिशेब बरोबर असेलही, पण त्याने वर्कशॉप आणि घर ही एकच वास्तू धरली आहे आणि माझा विरोध नेमका तेथे आहे. या दोन स्वतंत्र वास्तू आहेत, असे मानूनच आराखडा काढला पाहिजे.

प्रथम जागेविषयी. १० गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट आणि आपली शेड २,४०० चौरस फुटांची. एवढी जागा हाताशी असताना घर शेडच्या पोटात घालण्याचे कारण मला दिसत नाही. दोहोंच्या मध्ये १० ते १२ फुटांची, वरून उघडी जागा सोडता आली तर पुढे लिहिलेले निम्मे प्रश्न उद्भवणारच नाहीत. अट एवढीच की ती जागा खरोखर मोकळी राहिली पाहिजे. तेथे भंगार, रंगाचे डबे किंवा लाकूड साठू लागले की मोकळ्या जागेचा उपयोग संपला.

रस्त्याची बाजू अरुंद असल्यामुळे किंवा अन्य कारणाने घर शेडला चिकटवूनच बांधावे लागणार असेल, तर आराखड्याची सुरुवात मधल्या भिंतीपासून करावी. ही भिंत नऊ इंची पक्क्या विटांची, सिमेंटच्या मसाल्यात बांधलेली आणि दोन्ही बाजूंनी प्लॅस्टर केलेली असावी आणि ती जोत्यापासून थेट शेडच्या पत्र्याच्या वर किमान दोन फूट गेलेली असावी. भिंत कैचीच्या (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याच्या) खालच्या पातळीला थांबवून वरचा त्रिकोण पत्र्याने बंद करण्याची पद्धत सर्रास दिसते. आग लागली की धूर आणि ज्वाळा त्याच त्रिकोणातून घरात शिरतात. ही भिंत शेडच्या खांबांना किंवा पर्लिनना (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांना) बांधू नये. उघडे पोलाद सुमारे ५५० अंश सेल्सिअस तापमानाला आपली जवळजवळ निम्मी ताकद गमावते आणि लाकूड, रंग, प्लॅस्टिक यांच्या आगीत ते तापमान फार लवकर गाठले जाते. अशा वेळी शेड खाली बसू लागली आणि तिचे पर्लिन भिंतीत रुतलेले असले, तर ते भिंतीलाही स्वतःबरोबर ओढतात. म्हणून घराचे खांब आर.सी.सी.चे आणि घरापुरते असावेत, घरावर स्लॅब असावा, आणि शेडचे लोखंडी खांब शेडपुरते असावेत. त्यासाठी खांबांची एक जादा ओळ लागेल. हा खर्च टाळू नये.

पफ पॅनेलच्या दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेनचा फोम असतो. शीतगृहासाठी तो उत्तम आहे, पण तो पेटला की त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू असतात आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच ते घात करतात. ग्राइंडरच्या ठिणग्या १० मीटरपर्यंत सहज जातात आणि पॅनेलच्या सांध्यातली बारीकशी फट त्यांना पुरते. शिवाय आज सांभाळून वागणारा माणूसही वर्षभराने त्याच पत्र्यावर एखादे ब्रॅकेट वेल्ड करून टाकतो. थर्माकोलच्या पॅनेललाही हीच हरकत आहे. रॉकवूलचे (दगडी तंतूंचे) पॅनेल आगीला दाद देत नाही हे खरे, परंतु ते स्वतःच्या बळावर उभे राहत नाही आणि हातोड्याचा आवाज विटेच्या जड भिंतीइतका अडवत नाही.

पोटमाळ्याविषयी माझे मत ठाम आहे : वर्कशॉपच्या छपराखाली कोणीही झोपू नये. धूर वर चढतो आणि खाली उतरण्याचा जिना नेमका आगीच्या दिशेने असतो. सामान ठेवायला पोटमाळा जरूर करा, अंथरूण मात्र तेथे नको.

मधल्या भिंतीत दार ठेवणे टाळता आले तर फारच चांगले. व्हरांड्यातून बाहेरून जाण्या-येण्याने दिवसातून काही पावले वाढतील, एवढेच. दार हवेच असेल तर ते एकच असावे, आगरोधक आणि आपोआप बंद होणारे असावे, आणि ते झोपण्याच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात उघडू नये. घराला बाहेर पडण्यासाठी दोन दारे असावीत आणि दोन्ही वर्कशॉपमध्ये न जाता थेट अंगणात उघडणारी असावीत. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन किंवा एलपीजी यांचे सिलिंडर घरापासून सर्वांत दूरच्या बाजूला, बाहेरून हवा खेळेल अशा जाळीच्या खोलीत, उभे आणि साखळीने बांधलेले ठेवावेत. ऑक्सिजन व ज्वलनशील गॅस यांच्या साठ्यात ६ मीटर अंतर किंवा किमान पाच फूट उंचीची न जळणारी भिंत असावी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खड्ड्यात, गटारात साठून राहतो. म्हणून गाड्यांच्या दुरुस्तीचा खड्डा सिलिंडरच्या जवळ खणू नये.

आणखी एक गोष्ट आराखडा करतानाच ठरवावी लागते. आपल्या भागात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून वाहतो. जागेची रचना परवानगी देत असेल तर घर पश्चिमेला आणि वर्कशॉप पूर्वेला ठेवावे, म्हणजे वर्षाचा बराच काळ धूर व रंगाचा वास घराकडे येणार नाही. पश्चिमेच्या उन्हाला झाडे आणि व्हरांडा हे उपाय आहेत. धुराला तसा सोपा उपाय नाही.

प्रश्न : आमच्याकडे खोल काळी माती आहे. शेजारच्या शेडची फरशी दोन पावसाळ्यांत उचलली गेली आणि शेड व खोली यांच्या सांध्यात हात जाईल एवढी भेग पडली. आमचे तसे होऊ नये म्हणून पाया कसा घ्यावा?
— एक वाचक, परभणी

उत्तर : काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. विटांचे, स्लॅबचे जड घर तिला काही प्रमाणात दाबून धरते, पण हलकी लोखंडी शेड आणि तिची फरशी ती सहज उचलते. दोहोंची हालचाल अशी वेगवेगळी होत असताना त्या एकमेकींना पक्क्या जोडल्या असतील, तर भेग सांध्यातच पडणार. आपल्या शेजाऱ्यांकडे हेच घडले असावे.

बांधकामाआधी घराच्या आणि शेडच्या जागी स्वतंत्र चाचणी-खड्डे घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे. चार-पाच फुटांवर कठीण मुरूम लागत असेल, तर दोन्ही वास्तूंचे सर्व फुटिंग (खांबांखालचे काँक्रीटचे पाये) मुरमापर्यंत न्यावेत. घराचे मुरमावर आणि शेडचे मातीवर, असा भेद करू नये. मुरूम फार खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेले पाइल (जमिनीत खोलवर ओतलेले काँक्रीटचे खांब) घेण्याची पद्धत अशा मातीसाठीच विकसित झाली आहे. त्याचे आरेखन भारतीय मानक आय.एस. २९११ च्या तिसऱ्या भागानुसार अभियंत्याकडून करून घ्यावे. जमिनीलगतच्या बीमखाली थोडी पोकळी ठेवावी, म्हणजे फुगणारी माती बीमला उचलणार नाही.

फरशीखालची काळी माती किमान दोन ते तीन फूट काढून टाकावी आणि तेथे मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, रोलर फिरवून भरावा. पायाच्या खोदाईतून निघालेली काळी माती पुन्हा जोत्यात ढकलण्याचा मोह ठेकेदाराला होतो, कारण ती फुकटची असते. त्या वेळी मालकाने स्वतः उभे राहावे. वर्कशॉपची फरशी सहा इंच जाडीची, जाळी घातलेली, एम-२० प्रतीच्या किंवा त्याहून चांगल्या काँक्रीटची असावी, ती साधारण चार-चार मीटरच्या चौकटींत कापलेली असावी आणि खांबांपासून सुटी असावी. लेथचा, विशेषतः पॉवर प्रेस किंवा पॉवर हॅमरचा पाया फरशीपासून पूर्ण वेगळा घ्यावा. तसे न केल्यास त्याचे हादरे घराच्या भिंतीपर्यंत पोहोचतात.

घर आणि शेड यांच्यात ५० मिलिमीटरची फट जोत्यापासून छतापर्यंत सलग ठेवावी आणि वर पत्र्याचे फ्लॅशिंग (सांधा झाकणारी पट्टी) घालून ते फक्त एकाच बाजूला पक्के करावे. ही फट निव्वळ मातीसाठी नाही. लोखंड तापल्यावर लांबते : १८ मीटर लांबीच्या शेडच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर तिच्या लांबीत साडेआठ मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो, आणि एवढी हालचाल प्लॅस्टरला सोसत नाही.

शेवटी पाणी. २,४०० चौरस फुटांच्या छपरावर १ सेंटिमीटर पाऊस पडला तर सुमारे २,२०० लिटर पाणी खाली येते. ते वळचणीला पायाशीच पडू दिले, तर वर केलेला सारा खर्च वाया जातो. पन्हळ लावून पाणी दूर न्यावे, भोवती तीन फूट रुंदीचा उताराचा पट्टा करावा, आणि घराचा शोषखड्डा पायापासून लांब घ्यावा.

प्रश्न : २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या जुन्या शेडचे पत्रे पर्लिनसकट उडाले. आता नवीन शेड आणि शेजारी घर बांधायचे आहे. जाड पत्रा घेतला तर पुरेसे होईल का? पत्रा कोणता घ्यावा?
— एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : पत्र्याच्या जाडीने हा प्रश्न सुटत नाही, कारण येथे पत्र्याच्या वजनाला फारसा अर्थच उरत नाही. वाऱ्याच्या भाराचे मानक आय.एस. ८७५ (भाग ३), २०१५ हे आहे आणि त्यात मुंबईसाठी मूळ वेग ४४ मीटर प्रतिसेकंद धरला आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणून मिळतो. त्याप्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे १,१६० न्यूटन, म्हणजे जवळपास ११८ किलो येतात. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा दर चौरस मीटरला चार ते पाच किलो भरतो. तो पाऊण मिलिमीटरचा केला तरी दोन-अडीच किलोंची भर पडेल. वारा उताराच्या छपराला दाबण्यापेक्षा वर खेचतो आणि समोरचे शटर उघडे राहिले तर आत शिरलेला वारा छपराला खालूनही ढकलतो. म्हणून वादळाचा इशारा मिळताच शटर बंद करून आतून अडसर लावणे हा बिनखर्चाचा, पण खरा उपाय आहे.

आता हा भार कोठे जातो ते पाहा. दोन खांबांतील अंतर ५ मीटर असेल आणि एका खांबाच्या वाट्याला शेडची अर्धी रुंदी, म्हणजे ६ मीटर, येत असेल, तर त्याच्यावर ३० चौरस मीटर छप्पर येते. ढोबळ हिशेबाने तेथे साडेतीन टनांची वर खेचणारी ओढ तयार होते. छपराचे व कैचीचे वजन वजा जाता तीन टनांच्या पुढची ओढ पायाने धरून ठेवायची असते. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे अडीच टन असते. म्हणजे दीड फुटाच्या खड्ड्यात खांब उभा करून भोवती काँक्रीट ओतण्याची गावोगावची पद्धत येथे अपुरी का पडते, हे लक्षात येईल. प्रत्येक खांबाखाली हिशेबाने काढलेले फुटिंग, त्यात आधीच साच्याने बसवलेले अँकर बोल्ट, आणि फरशीपासून सहा इंच वर उचललेली बेस प्लेट, अशी रचना असावी. जमिनीत गाडलेला खांब नेमका जमिनीच्या पातळीला गंजतो आणि ते वरून दिसत नाही. आपल्या गावाचा वेग व उंची-परिसराचे गुणक धरून नेमके आकडे अभियंत्याने काढावेत. हे काम अंदाजाने करण्याचे नाही.

बोल्टपासून पत्र्यापर्यंतची साखळी अखंड असली पाहिजे. छपराच्या कडा, कोपरे आणि मोभ येथे वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते, त्यामुळे तेथे स्क्रू अधिक जवळजवळ घ्यावेत. पर्लिन कैचीला टाक्यांच्या वेल्डिंगवर न सोडता क्लीट (लोखंडी कोनाचा तुकडा) आणि बोल्टने बांधावेत. आपले पत्रे पर्लिनसकट उडाले, याचा अर्थ स्क्रूंनी आपले काम केले होते. सुटला तो पर्लिनचा जोड.

समुद्राजवळ साध्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेला रंगीत पत्रा अधिक टिकतो. या मुलाम्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम असते. हा पत्रा ग्राइंडरने कापू नये. तप्त कण रंगात रुततात आणि महिन्याभरात तेथे गंजाचे ठिपके उमटतात. कातरीने कापावा आणि छिद्रे पाडताना पडलेला चुरा त्याच संध्याकाळी झाडून काढावा. ओल्या सिमेंटचाही या मुलाम्याला त्रास होतो, म्हणून घराच्या भिंतीला लागणारे फ्लॅशिंग मसाल्यात गाडू नये. भिंतीत खाच करून, ती सुकल्यावर, सीलंटने बसवावे.

कोकणात गळती बहुधा याच सांध्यात होते. शेडचा उतार घराच्या भिंतीकडे आला की तेथे दरीसारखी पन्हळ करावी लागते, तिच्यात पालापाचोळा अडकतो आणि श्रावणात पाणी उलटून घरात येते. त्यापेक्षा शेडला एकाच दिशेचा, घरापासून दूर जाणारा उतार द्यावा.

प्रश्न : घराच्या मीटरवरूनच वेल्डिंग मशीन चालवले तर चालेल का? मशीन लावले की घरातले दिवे मंदावतात आणि एकदा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या.
— एक वाचक, जामखेड

उत्तर : चालणार नाही, आणि दुसऱ्या वाक्यातील गोष्ट पहिल्यापेक्षा गंभीर आहे. घरगुती जोडणीवर व्यवसायाचे यंत्र चालवणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. तो कधीपासून चालू होता हे ठरवता आले नाही, तर मागील १२ महिन्यांची होते. महावितरणकडे वर्कशॉपसाठी स्वतंत्र औद्योगिक जोडणी मागावी. दोन वास्तू, दोन मीटर, दोन मुख्य स्विच, हे तत्त्व ठेवले म्हणजे रात्री घरी जाताना वर्कशॉपचा पुरवठा एका हाताने पूर्ण बंद करता येतो.

झिणझिण्यांची कारणे दोन असू शकतात. अर्थिंग सदोष असेल, किंवा वेल्डिंगची परतीची केबल कामाला न लावता शेडच्या खांबाला लावली जात असेल. ही दुसरी सवय फार पसरलेली आहे. क्लॅम्प खांबाला लावला की १२० ते २०० अँपिअरचा प्रवाह मशीनकडे परतण्यासाठी मिळेल ती वाट धरतो : शेडचा सांगाडा, पाण्याची लोखंडी नळी, घराची अर्थिंगची बारीक तार. त्या तारेचे वेष्टण वितळून भिंतीच्या आत आग लागू शकते. परतीची केबल नेहमी ज्या तुकड्यावर काम चालू आहे त्याच्यावर, जोडाच्या जवळ लावावी. घर आणि शेड यांना लोखंडी नळीने जोडू नये. मधल्या भिंतीतून प्लॅस्टिकची नळी न्यावी. दोन्हीकडे स्वतंत्र अर्थिंग करून ते परवानाधारक ठेकेदाराकडून मोजून घ्यावे, आणि घराच्या बोर्डात तसेच हातयंत्रांच्या सॉकेटवर ३० मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावे. हे काम होईपर्यंत वेल्डिंग बंद ठेवावे, ही कळकळीची विनंती.

जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वेल्डिंग मशीनऐवजी इन्व्हर्टर पद्धतीचे वेल्डिंग मशीन घेतल्यास दिवे मंदावणेही बरेच कमी होईल.

प्रश्न : विदर्भातील उन्हात पत्र्याखाली काम करणे अशक्य होते. छपरावर फिरते व्हेंटिलेटर बसवले, तरी फरक पडला नाही.
— एक वाचक, वर्धा

उत्तर : गरम हवा वरून बाहेर जायची असेल तर खालून थंड हवा आत आली पाहिजे. भिंतीच्या तळाशी जाळीची मोठी तावदाने नसतील तर व्हेंटिलेटर नुसतेच फिरत राहतात. वळचणीची उंची १६ फुटांच्या आसपास असावी, पत्रा फिक्या रंगाचा असावा आणि त्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने मढवलेले ५० मिलिमीटरचे ग्लासवूल असावे. फोमचे अस्तर वेल्डिंगच्या जागी लावू नये. घरावर मात्र पत्रा न घालता स्लॅबच घ्यावा आणि त्यावर वीटकोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करून पांढऱ्या चिनी तुकड्यांचा थर द्यावा.

प्रश्न : परवानगी आणि कर्ज एकाच प्रस्तावात मिळेल का? एमआयडीसीत भूखंड घेऊन तेथेच घर बांधता येईल का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : एमआयडीसीचा भूखंड उद्योगासाठी दिलेला असतो, तेथे चौकीदाराची खोली मान्य होते, कुटुंबाचे घर होत नाही. गावातील जागेबाबत प्रथम तिचा विभाग आणि बिगरशेती वापराचा प्रकार तपासावा. गावठाणालगतच्या जमिनींसाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये जी सवलत आली आहे, ती निवासी वापरासाठी आहे. तिच्या भरवशावर वर्कशॉप उभारू नये. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत निवासी विभागात लहान सेवा उद्योगांना काही मर्यादांत वाव आहे. यंत्रांची अश्वशक्ती आणि क्षेत्रफळ यांची अट आपल्या नियोजन प्राधिकरणाकडून लेखी समजून घ्यावी. आवाजाचे नियम (२०००) निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल एवढीच मुभा देतात आणि ग्राइंडर त्याच्या कितीतरी पुढे जातो, हेही लक्षात ठेवावे.

कर्जाचे दोन प्रस्ताव करावेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाच्या प्रकल्पाची कमाल मर्यादा ५० लाख रुपये आहे. त्यात शेडचा खर्च धरता येतो, जमिनीची किंमत धरता येत नाही, आणि घराचा तर प्रश्नच नाही. घर व शेड यांचे नकाशे, अंदाजपत्रके आणि मूल्यांकन वेगवेगळे असले म्हणजे गृहकर्जही सरळ मिळते. विमा घेताना शेजारी वेल्डिंग चालते हे अर्जात स्पष्ट लिहावे. ते लपवल्यास दावा नाकारला जाऊ शकतो.

प्रश्न : माझे पती घराला लागूनच ग्रिलचे काम करतात. संध्याकाळी त्यांना कधी कधी कणकण येते आणि आमच्या तीन वर्षांच्या मुलाचा खोकला हटत नाही. जागा बदलणे सध्या शक्य नाही. काय करता येईल?
— एक वाचिका, धुळे जिल्हा

उत्तर : ताई, मुलाला प्रथम बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरालगत वेल्डिंग चालते हे त्यांना आवर्जून सांगा, पत्रावरून खोकल्याचे निदान करणे योग्य नाही. पतींची कणकण जस्ताचा मुलामा असलेले पाइप किंवा पत्रे वेल्ड केल्याच्या दिवशी येते का, ते पाहा. जस्त जळून निघणाऱ्या धुराने काही तासांनी ताप, अंगदुखी, घशात धातूची चव, असा त्रास होतो आणि तो एक-दोन दिवसांत ओसरतो. ओसरतो म्हणून कारागीर त्याकडे दुर्लक्ष करतात, दूध प्यायले की झाले, असे मानतात. दुधाने त्यावर काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले आहे. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम आणि निकेल असल्यामुळे तो अधिक जपण्याजोगा आहे.

आहे त्या जागेत करता येण्यासारखे बरेच आहे. वर्कशॉपकडे उघडणारी घराची खिडकी विटांनी बंद करून घ्या आणि खोलीला हवा दुसऱ्या बाजूने मिळेल अशी खिडकी काढा. मधल्या भिंतीच्या वर पत्र्याखाली राहिलेली फट वीटकाम व मसाल्याने भरून घ्या. धूर बहुतेक तेथूनच येत असावा. वेल्डिंग घरापासून दूरच्या टोकाला, उघड्या शटरजवळ करावे आणि धूर बाहेर खेचणारा पंखा त्याच बाजूला, आर्कच्या शक्य तितका जवळ लावावा. साधा टेबलपंखा घराच्या दिशेने लावला तर तो सारा धूर आत ढकलतो. जोडाच्या जागचा जस्ताचा थर आधी घासून काढावा, आणि तो घासतानाही मास्क लावावा. कापडी रुमाल पुरेसा नाही. वेल्डिंगसाठीचा गाळणीचा मास्क मिळतो.

रंगाची फवारणी मूल घरात असताना करू नये, आणि थिनर पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. आर्कचा उजेड मुलाच्या नजरेस पडणार नाही असा जाड, न जळणारा पडदा कामाभोवती लावावा. पतींनी कामाचे कपडे व बूट वर्कशॉपमध्येच उतरवावेत, हातपाय-तोंड साबणाने धुवावे आणि मगच मुलाला उचलून घ्यावे. ते कपडे घरच्या धुण्यात न मिसळता वेगळे धुवावेत. यासाठी वर्कशॉपच्या बाहेरच्या बाजूला एक नळ आणि आडोशाची मोरी बांधून घेता आली, तर हा सगळा क्रम अंगवळणी पडणे सोपे जाईल.